अल्सरेटिव्ह कोलायटिस: आधी शौचालयाची सोय, मग प्राणायाम

सकाळी सव्वासहाला घर सोडायचं आणि सातच्या आत शाळेत पोचायचं, हे मी २२ वर्षं करतेय. त्यातली शेवटची ११ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस सोबत आहे. पहिल्या वर्षी नागपुरात सक्करदऱ्यापासून सीताबर्डीपर्यंत कुठे शौचालय आहे, कोणतं सकाळी उघडं मिळतं, कोणत्याला आतून कडी नाही, हे सगळं मला पाठ झालं होतं. "टेन्शन घेऊ नको, पोटाचं सगळं टेन्शननेच होतं," असं घरी येणारा प्रत्येक माणूस सांगून जायचा. पण माझं टेन्शन पगाराचं नव्हतं, सासरचं नव्हतं. सिग्नलला ऑटो थांबला आणि तेवढ्यात कळ आली तर काय करायचं, एवढंच ते होतं.

म्हणून या लेखात श्वासाचे व्यायाम बरेच खाली येतात. या आजारात मनावरचा निम्मा ताण घाईची लागण्याच्या भीतीचा आणि लपवालपवीचा असतो, असं माझं अनुभवाअंती ठाम मत झालं आहे. ती भीती व्यवहारानेच कमी करावी लागते. तोवर डोळे मिटून बसलं तरी लक्ष पोटाकडेच असतं.

आधी आजार कोणता ते ओळखू

यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज सलग वर सरकते. कोणाची तिथेच थांबते, कोणाची डाव्या बाजूपर्यंत जाते, तर कोणाचं संपूर्ण मोठं आतडं धरते. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. त्यामागे आनुवंशिकता, आतड्यातले जीवाणू आणि आजूबाजूची परिस्थिती अशी अनेक कारणं एकत्र असतात. ताणामुळे हा आजार जन्माला येत नाही. मात्र शांत असलेला आजार ताणामुळे उसळू शकतो, आणि आजार उसळला की ताण आणखी वाढतो. मेंदू आणि आतडं यांच्यात नसा व संप्रेरकांमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते. परीक्षेच्या सकाळी धडधाकट पोरालाही दोनदा संडासला जावं लागतं, ते त्यामुळेच.

आपल्याकडे रक्त पडलं की आधी मूळव्याध समजतात, आव पडली की अमिबा. माझे आठ महिने त्याच गोळ्यांत गेले. शौचातून रक्त किंवा आव जाणं दोन-तीन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा. पक्कं निदान कोलोनोस्कोपी आणि त्यात घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीनेच होतं. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा वेगळा त्रास आहे, त्यात रक्त पडत नाही.

पायरी १: बरं वाटत असतानाचं औषध

जीवनशैलीच्या लेखात औषध पहिलं का, असं कोणी विचारेल. मी पाहिलेले बहुतेक रुग्ण बरं वाटायला लागल्यावर घसरले, म्हणून. तीन महिने रक्त नाही, दिवसाला एकदाच शौच, मग वाटतं की कशाला रोज एवढ्या गोळ्या? मेसालामाइन हे आजार शांत ठेवण्यासाठीच चालू असतं. लक्षणं गेली तरी अस्तराची सूज मागे राहू शकते, आणि गोळ्या चुकवणाऱ्यांचा आजार पुन्हा उसळण्याची शक्यता कितीतरी वाढते.

गोळ्या एखाद्या ठरलेल्या सवयीला बांधा. माझ्या सकाळच्या गोळ्या दात घासायच्या ब्रशशेजारी असतात. मेसालामाइन अनेकांना दिवसातून एकदाच घेता येतं, तसं चालेल का ते डॉक्टरांना विचारा. गुदाशयाजवळची सूज असेल तर सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची गोळी) किंवा एनिमा (तिथूनच सोडायचं पातळ औषध) देतात. त्याची लाज वाटते, मलाही वाटली. पण औषध थेट सुजेच्या जागी पोचतं आणि तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा तिथे जास्त लागू पडतं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आजार आटोक्यात आणायला थोड्या दिवसांसाठी असतं. ते सकाळी खाऊन घ्या, रात्री घेतलं तर झोप उडते. त्याने चिडचिड होते, रडू येतं, भूक खवळते. हा तुमचा स्वभाव बदललेला नाही, औषधाचा परिणाम आहे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि ते स्वतःच्या मनाने एकदम कधीही बंद करू नका, मात्रा पायरी पायरीने उतरवावी लागते. अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

डोकं किंवा गुडघा दुखला म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नका, त्यांनी आजार उसळू शकतो. साध्या दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल बरं. काढे आणि चूर्णांबद्दलही मोकळेपणाने बोला. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला होता. तो घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आपली काही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि काढा ती वाढवण्यासाठी म्हणून घेतला जातो, हे दोन्ही एकाच पोटात घालण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

पायरी २: १४ दिवसांची वही

मोबाइलमध्ये नोंदवलं तरी चालेल, पण मला शंभर पानी वहीच बरी पडते. माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे:

"मंगळवार. ५.२० पातळ, रक्त थोडं. ५.५५ नुसती आव. शाळेत एकदा, घाईची. डबा अर्धा: पोळी, दुधीची भाजी. दुधाचा चहा ३ वेळा. पालकसभा, आवाज चढवावा लागला. रात्री झोप ४ तास. गोळ्या घेतल्या."

शौच किती वेळा, रक्त आहे का, घाई किती, काय खाल्लं, झोप किती, दिवसात ताणाचं काय घडलं आणि औषध घेतलं का, एवढं पुरे. दोन आठवड्यांनी पान उलटून पाहिलं तेव्हा मला धक्का बसला. मी दोष देत होते वांग्याला, आणि वाईट दिवस येत होते पाच तासांपेक्षा कमी झोप झाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दुसरी गोष्ट दिसली ती दुधाच्या चहाची. तो दोन आठवडे बंद ठेवून पाहिला, तर गॅस आणि मुरडा कमी झाला. तुमच्या वहीत वेगळंच काही निघेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम सोडल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

वर्षभर रोज लिहायची गरज नाही. सतत शौच मोजत बसणं हाही ताणच. आजार हलतोय असं वाटलं की १४ दिवस लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि वही कपाटात ठेवून द्या.

पायरी ३: बाहेर पडण्याची तयारी

माझ्या पर्समध्ये एक छोटी कापडी पिशवी कायम असते. त्यात अंतर्वस्त्राचा जोड, काळी लेगिंग, ओले टिश्यू, साबणाच्या कागदी पट्ट्या, रिकामी पाण्याची बाटली, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि सुटे पैसे आहेत. गेल्या तीन वर्षांत ती दोनदाच उघडली. पण ती आहे म्हणून मी पुन्हा बाजारात, लग्नात, नाटकाला जाऊ लागले.

दुसरं काम रोजच्या रस्त्याचा नकाशा. घर ते कामाची जागा या वाटेवर, १०-१५ मिनिटांच्या अंतराने थांबता येईल अशा जागा सुट्टीच्या दिवशी शांतपणे बघून या: मेट्रो स्थानक, पेट्रोलपंप, ओळखीचं हॉटेल, मैत्रिणीचं घर. पेट्रोलपंपावर शौचालय मोफत उपलब्ध ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा संकोच न करता चावी मागा. नागपुरात मेट्रो आल्यापासून मला मोठा आधार झाला. ऑटोपेक्षा वेळ नक्की असतो, आणि मध्ये कुठल्याही स्थानकावर उतरून पुढची गाडी धरता येते. पुण्याला जायचं तर मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जात नाही, रेल्वेनेच जाते. आरक्षण करताना डब्याच्या टोकाकडचा बर्थ मागते, इतरांना तो नकोसा असतो. समृद्धी महामार्गाने गाडीने जाणार असाल तर थांबण्याच्या जागा आधी पाहून ठेवा, हे अंतर सोसण्यासारखं नसतं.

सकाळची घाई हा आणखी एक मुद्दा. या आजारात बऱ्याच जणांचा सकाळचा पहिला तास सगळ्यात कठीण असतो. मी उठण्याची वेळ पाऊण तास मागे आणली. पहाटे पावणेपाचला उठून कोमट पाणी घेते आणि पोटाला त्याचा वेळ देते. त्यासाठी रात्रीची मालिका सोडावी लागली. सोडली.

पायरी ४: ताट

या आजाराचं असं एकच ठरलेलं पथ्य नाही. जे कोणी छातीठोकपणे "हे खा, आजार जाईल" सांगतात त्यांच्यापासून दूर राहा. आजार उसळलेला असताना एक ताट आणि शांत असताना दुसरं, इतकं लक्षात ठेवलं तरी बरंच सोपं होतं.

उसळलेला असताना चोथा कमी आणि अन्न मऊ हवं. मुगाचं वरण आणि मऊ भात, उकडलेला बटाटा, साल काढून शिजवलेली दुधी किंवा कोहळं, पिकलेलं केळं, चालत असेल तर उकडलेलं अंडं आणि ताजं दही. दूध सोसत नाही अशा अनेकांना दही सोसतं, कारण विरजणात दुधातली साखर कमी होते. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, मक्याचं कणीस, आख्खे शेंगदाणे हे थोडे दिवस लांब ठेवा. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. भीतीने उपाशी राहू नका. शौच कमी व्हावी म्हणून मी एका वर्षी दुपारचं जेवणच बंद केलं होतं. आठ किलो वजन आणि बरंच रक्त गमावून बसले. आतड्याचे व्रण भरायला प्रथिनं लागतात.

शांत काळात मात्र मऊ भातावरच अडकून पडू नका. ज्वारीची भाकर, शिजवलेली पालेभाजी, सालीसकट डाळी, फळं हळूहळू परत आणा. दर तीन-चार दिवसांनी एक नवीन पदार्थ. मृग बहाराची संत्री बाजारात आली की मी फोडीचा पांढरा पापुद्रा काढून खाते, तशी मला सोसतात.

आता नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न: तर्री पोहे आणि सावजी. मसाल्याने आतड्यात व्रण पडतात असं नाही, पण सुजलेल्या आतड्याला तिखट आणि तेल मिळून जी जळजळ आणि घाई होते ती खरी असते. मी शांत काळात पोहे खाते, तर्री वरून अर्धी पळी, तेही रविवारी घरी असताना. सावजी रस्सा मी सोडला. त्याच मसाल्यात पाटवडी घरी करते, लाल तिखट पावपट आणि तेल मोजून. शेजारच्या काकू सुरुवातीला म्हणायच्या, "काहून गं, हे कसलं सावजी?" आता माझ्यासाठी वाटी बाजूला काढून ठेवतात.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मात्र कोणत्याही काळात नको. कोलायटिस असलेल्यांना तंबाखू चालते, उलट सोडल्याने आजार वाढतो, असं कोणी कुठेतरी वाचून सांगतं. सिगारेट आणि या आजाराचा काही विचित्र संबंध अभ्यासांत दिसला हे खरं, पण त्यावरून कोणताही डॉक्टर तंबाखू लिहून देत नाही. तोंडाचा कर्करोग आपल्या विदर्भात किती घरांनी पाहिलाय ते मी सांगायला नको. सोडायचा असेल तर पोटविकारतज्ज्ञांना सांगून सोडा, म्हणजे त्या काळात ते पोटावर लक्ष ठेवतील.

सतत थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. रक्त जात राहिलं की लोह कमी होतं. घरचे आळस म्हणतात ते अनेकदा ॲनिमिया असतो. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नका. गोळी पोटाला सोसली नाही तर शिरेतून लोह देता येतं.

पायरी ५: मे महिना

नागपूरचा उन्हाळा हा आपल्यासाठी वेगळा धडा आहे. पारा ४५ च्या वर जातो, घामाने पाणी जातं आणि जुलाबानेही जातं. तहान लागायची वाट पाहू नका, लघवीचा रंग बघा. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. पातळ शौच होत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसचं पाकीट घरात ठेवा. ते नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ मोजूनच घाला, अंदाजाने नको. पातळ ताक आणि कैरीचं कमी गोड पन्हं मला मानवतं. ज्वारीची आंबील शांत काळात उत्तम. रस्त्यावरचा बर्फ आणि उसाचा रस टाळा, कारण जंतुसंसर्गाचे जुलाब आणि आजार उसळणं सुरुवातीला अगदी सारखं दिसतं.

सपोझिटरी उन्हाळ्यात मऊ पडते. एका मे महिन्यात दुपारी लाइट गेली, कूलर बंद, आणि माझ्या कपाटातल्या दहाही वाकून चिकटल्या. पाकिटावर लिहिलेलं तापमान वाचा. काही फ्रीजमध्ये चालतात, औषधाच्या दुकानात विचारून घ्या. टोचून घ्यायची जैविक औषधं तर फ्रीजमध्येच ठेवायची असतात. ती दुकानातून घरी आणतानासुद्धा बर्फाची पिशवी ठेवलेला डबा न्या. दुचाकीच्या डिकीत ती कधीही ठेवू नका.

पायरी ६: आता मन

इथवरची तयारी झाली की श्वासाचा उपयोग होऊ लागतो. सगळ्यात सोपा प्रकार: एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत, पोटावरचा हात वर येऊ द्या. ६ मोजेपर्यंत सावकाश बाहेर. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, पोट शांत असताना. शांत वेळी सराव झालेला असेल तरच घाईच्या वेळी तो कामी येतो. मी दुसऱ्या तासानंतर स्टाफरूमच्या खिडकीशी उभी राहून करते. कोणाला कळतही नाही.

योगाबद्दल एक चांगला अभ्यास आहे. जर्मनीत आजार शांत असलेल्या ७७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला १२ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास योग शिकवला, दुसऱ्याला स्वतःची काळजी घेण्याची पुस्तकं दिली. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी योग करणाऱ्या गटाचं रोजचं जगणं अधिक सुसह्य झालेलं दिसलं. ही औषधं चालू ठेवून केलेली गोष्ट आहे, हे विसरू नका. कपालभातीसारखे पोटाला झटके देणारे प्रकार आजार उसळलेला असताना मी पूर्ण बंद ठेवते. त्या दिवसांत शवासन आणि पवनमुक्तासन, तेही दुखत नसेल तरच.

चालायला फुटाळ्याला जा, सेमिनरी हिल्सला जा, पण सुरुवात आपल्याच ले-आउटमध्ये फेऱ्या मारून करा. घर दोनशे पावलांवर आहे हे माहीत असलं की पाय मोकळे पडतात. २०-३० मिनिटं पुरे. उन्हाळ्यात सातच्या आत.

रात्री अंथरुणावर विचारांचं चक्र फिरतं तेव्हा मला उपयोगी पडलेली गोष्ट: संध्याकाळी साडेसहाला १५ मिनिटं "काळजीची वेळ". त्या वेळी कागदावर सगळ्या काळज्या लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे उद्या करता येण्यासारखं एखादं काम लिहायचं. काम नसेल तर रेघ. रात्री तोच विचार आला की स्वतःला सांगायचं, हे लिहिलंय.

पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, घराबाहेर पाऊल टाकवत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते श्वासाने भागणारं नाही. दीर्घ आजारात नैराश्य येणं ही तुमची कमजोरी नाही आणि त्यावर उपचार आहेत. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

पायरी ७: सांगायचं कोणाला, आणि किती

मी चार वर्षं शाळेत कोणाला सांगितलं नाही. तास सोडून पळावं लागलं की खोटं बोलायची, आणि त्या खोट्याचा ताण आजारापेक्षा जड व्हायचा. शेवटी मुख्याध्यापिका मॅडमना एवढंच म्हणाले: "मॅडम, मला मोठ्या आतड्याचा जुना आजार आहे, संसर्गजन्य नाही. कधीकधी लगेच जावं लागतं. माझा वर्ग शौचालयाच्या जवळच्या खोलीत आणि शेजारच्या बाईंचं पाच मिनिटं लक्ष, एवढी सोय झाली तर माझं काम अडणार नाही." पुढच्या सोमवारी वर्ग बदलून मिळाला. मागायचं ते नेमकं मागा. "मला समजून घ्या" म्हटलं तर समोरच्याला काय करायचं ते कळत नाही.

लग्न ठरणाऱ्या मुला-मुलींनी हे आधीच सांगावं असं मला मनापासून वाटतं. मूल हवं असेल तर आजार तीन ते सहा महिने शांत असताना नियोजन करा, आणि दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळ्या बंद करू नका. बहुतेक औषधं चालू ठेवता येतात, काही आधीच बदलावी लागतात. गरोदरपणात आजार उसळणं हा जास्त मोठा धोका आहे. पुरुषांमध्ये सल्फासालाझिन या कोलायटिसवरच्या औषधाने शुक्राणू तात्पुरते कमी होतात, औषध बदललं की ते पूर्ववत होतात.

पायरी ८: फाइल आणि फ्रीजवरचा कागद

एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे कोलोनोस्कोपीचे अहवाल, रक्त तपासण्या, शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनचे (आतड्याची सूज दाखवणाऱ्या प्रथिनाचे) आकडे आणि औषधांची यादी ठेवा. लक्षणं सुरू होऊन ८ वर्षं झाली की कर्करोगाच्या दृष्टीने तपासणीची कोलोनोस्कोपी करावी लागते आणि नंतर ठरावीक वर्षांनी पुन्हा. सूज फक्त गुदाशयापुरती असलेल्यांना ती सहसा लागत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होण्याआधी टीबीची तपासणी आणि लसींची चौकशी करा. ती चालू असताना जिवंत लसी चालत नाहीत.

फ्रीजच्या दारावर माझ्या नवऱ्याच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर असं लिहिलंय: "दिवसाला ६ किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, आणि सोबत १०० फॅरनहाइटच्या वर ताप किंवा नाडी ९० च्या वर: त्याच दिवशी रुग्णालय. पोट फुगून टणक झालं, दुखणं थांबत नाही, चक्कर, लघवी बंद: रात्र असली तरी लगेच. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी द्यायची नाही. डोळा लाल होऊन दुखला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना कोलायटिस आहे हे आधी सांगायचं." खाली डॉक्टरांचा नंबर, फाइल कुठल्या कपाटात आहे ते, आणि कापडी पिशवी दाराच्या खुंटीला आहे ही नोंद.